मंगळावरचे कालवे

पावसाळा संपून आकाश मोकळे झाले, की कधी कधी रात्री एक तांबूस ठिपका दिसतो. आजूबाजूचे तारे लुकलुकतात. हा मात्र शांतपणे प्रकाशत राहतो. तो मंगळ. मराठीत मंगळ, उर्दूत मिर्रीख. पृथ्वीप्रमाणे तोही सूर्याभोवती फिरणारा एक ग्रह आहे. त्याचा दिवस आपल्या दिवसापेक्षा चाळीसेक मिनिटांनीच मोठा असतो. त्याच्या दोन्ही ध्रुवांवर पांढऱ्या टोप्या आहेत आणि त्या ऋतूंप्रमाणे लहानमोठ्या होतात. एवढे साम्य पाहिल्यावर कोणाच्याही मनात प्रश्न येणारच. तिथे कोणी राहत असेल का?

मुलांनो, आपल्या जगासारखी आणखी जगे असतील का, हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी मध्य आशियातल्या ख्वारिज्म या प्रदेशात अल-बिरूनी नावाचे थोर विद्वान होऊन गेले. पुढे हिंदुस्थानाविषयी ‘किताबुल हिंद’ लिहिणारे ते हेच. त्यांनी इब्न सीना यांना काही प्रश्न लिहून पाठवले होते. इब्न सीना तेव्हा अगदी तरुण होते. बिरूनींचा एक प्रश्न असा होता, की आपल्या जगाहून वेगळे दुसरे जग असूच शकत नाही, असे ॲरिस्टॉटल म्हणतो ते कशाच्या आधारावर? इब्न सीना यांनी उत्तरात ॲरिस्टॉटलची बाजू घेतली. बिरूनींचे समाधान झाले नाही. त्या काळी दुर्बीण नव्हती. त्यामुळे हा वाद बुद्धीने चालला, डोळ्यांनी नाही.

डोळ्यांचा वाद दुर्बीण आल्यानंतर सुरू झाला. त्या वादाचीच ही गोष्ट आहे.

मंगळ आणि पृथ्वी साधारण दर सव्वीस महिन्यांनी एकमेकांजवळ येतात. पण प्रत्येक वेळी ते सारखेच जवळ येत नाहीत. पंधरा किंवा सतरा वर्षांतून एकदा ते खूपच जवळ येतात. १८७७ साली असा योग आला होता. तेव्हा दोघांमधले अंतर साडेपाच कोटी किलोमीटरांहून थोडेसेच जास्त होते. त्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेत असाफ हॉल यांनी मंगळाचे दोन छोटे चंद्र शोधून काढले. इकडे इटलीतल्या मिलान शहरात जोव्हान्नी शियापरेल्ली नावाचे खगोलशास्त्रज्ञ रात्रीमागून रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसत होते. त्यांना मंगळाचा नकाशा काढायचा होता.

हे काम किती अवघड होते, ते आधी समजून घेऊ. मोठ्या दुर्बिणीतूनही मंगळ एखाद्या छोट्या चकतीएवढाच दिसे. शिवाय आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते. त्यामुळे ती चकतीही थरथरत राहते. पातेल्यात पाणी उकळत आहे आणि तळाशी एक नाणे पडले आहे, अशी कल्पना करा. त्या नाण्यावरचे अक्षर वाचायचे आहे! मध्येच एखादा क्षण हवा स्थिर होते, चित्र स्वच्छ दिसते आणि लगेच पुन्हा विस्कटते. त्या काळच्या छायाचित्रांत एवढे बारीक तपशील येत नसत. म्हणून निरीक्षकाने त्या एका क्षणात जे दिसले ते लक्षात ठेवायचे आणि कागदावर काढायचे, एवढाच मार्ग होता.

शियापरेल्ली यांनी अशा क्षणी पाहिले, की मंगळाच्या तांबूस भागावरून बारीक, काळसर रेघा गेल्या आहेत. त्या रेघांना त्यांनी ‘कनाली’ म्हटले.

या एका शब्दाने मोठा घोटाळा केला. इटालियन भाषेत ‘कनाली’ म्हणजे पाण्याचे नैसर्गिक प्रवाह किंवा खाडीसारखे अरुंद मार्ग. आणि माणसाने खोदलेले कालवेसुद्धा. दोन्ही अर्थ चालतात. इंग्रजीत मात्र त्याचे भाषांतर ‘कॅनाल’ असे झाले, म्हणजे खोदलेला कालवा. भाषांतरात असे होते. तुम्हांला याचे उदाहरण घरातच सापडेल. अरबीत ‘नहर’ म्हणजे नदी. तोच शब्द उर्दूत आला आणि त्याचा अर्थ झाला कालवा. नदी कोणी खोदत नाही. कालवा कोणीतरी खोदावा लागतो. मंगळावर कालवे आहेत म्हटले, की ते खोदणारेही आलेच! त्यातून सुएझचा प्रचंड कालवा १८६९ साली, म्हणजे आठच वर्षांपूर्वी खुला झाला होता. कालवा खोदणे हे त्या काळी प्रगतीचे मोठे लक्षण मानले जाई.

शियापरेल्ली स्वतः सावध माणूस होते. या रेघा कोणी केल्या असतील, याबद्दल त्यांनी घाईने मत दिले नाही. ते काम दुसऱ्याच एका माणसाने केले.

त्याचे नाव पर्सिव्हल लॉवेल. १८५५ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, एका श्रीमंत घराण्यात त्यांचा जन्म झाला. ते हुशार होते, गणितात तरबेज होते आणि लिहिण्याबोलण्यात पटाईत होते. तरुणपणी त्यांनी जपान आणि कोरियात प्रवास केला व त्या देशांवर पुस्तके लिहिली. मग त्यांना मंगळाचे वेड लागले. १८९४ साली त्यांनी ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ या गावाजवळ स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारली. ही जागा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून अधिक उंच आहे. तिथली हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ. दुर्बीण शहरात न ठेवता चांगल्या हवेच्या ठिकाणी न्यावी, हा त्यांचा विचार अगदी योग्य होता. आजच्या मोठ्या दुर्बिणी डोंगरमाथ्यांवर असतात, त्या याच कारणाने.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. फ्लॅगस्टाफला मंगळाचे निरीक्षण सुरू होण्याच्या थोडे आधी लॉवेल यांनी बॉस्टनमध्ये एक भाषण केले होते. मंगळावरच्या रेघा बुद्धिमान प्राण्यांनी केलेल्या असाव्यात, असे त्यांनी त्या भाषणातच सांगून टाकले होते. म्हणजे उत्तर आधी तयार होते. पाहणे नंतर झाले.

आणि त्यांना रेघा दिसल्या. एकदोन नव्हे, शेकडो. पट्टीने आखाव्यात तशा सरळ. लॉवेल यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : मंगळ पृथ्वीपेक्षा लहान आहे, म्हणून तो लवकर थंड झाला. त्याचे समुद्र आटले. आता पाणी उरले आहे ते फक्त ध्रुवांवरच्या बर्फात. तिथल्या रहिवाशांना जगायचे असेल, तर उन्हाळ्यात वितळणारे हे पाणी हजारो किलोमीटर दूर, मंगळाच्या मध्यभागापर्यंत आणले पाहिजे. त्यासाठी त्यांनी कालवे खोदले. कालवा एवढ्या लांबून दिसणार नाही हे लॉवेल यांनाही मान्य होते. आपल्याला दिसतो तो कालव्याच्या दोन्ही बाजूंचा शेतीचा हिरवा पट्टा, असे ते म्हणत. ज्यांनी साऱ्या ग्रहाला पुरेल अशी व्यवस्था उभी केली, ते लोक आपल्यापेक्षा शहाणे आणि एकजुटीने राहणारे असले पाहिजेत.

हे वाचताना मन हरखून जाते. दुष्काळाशी झुंजणारी एक आख्खी दुनिया! ज्यांनी विहिरीचा तळ पाहिला आहे, त्यांना तर हे चित्र लगेच पटेल. लॉवेल यांचा तर्क कच्चा नव्हता. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर ते नीट चढत गेले होते. फक्त पहिलीच पायरी, म्हणजे त्या रेघा, खरी आहे की नाही, हा प्रश्न होता.

लोकांनी मात्र तो प्रश्न विचारला नाही. लॉवेल यांची पुस्तके खपू लागली. १८९८ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची कादंबरी पुस्तकरूपात आली. तिच्यात मंगळावरचे प्राणी थेट इंग्लंडवर चालून येतात. १९०० साली फ्रान्समध्ये एक बक्षीस जाहीर झाले. दुसऱ्या ग्रहावरच्या लोकांशी जो संपर्क साधील त्याला एक लाख फ्रँक मिळणार होते. अट एवढीच, की तो ग्रह मंगळ नसावा. मंगळाशी बोलणे फारच सोपे, त्यासाठी बक्षीस कशाला द्यायचे!

शास्त्रज्ञांत मात्र एकमत नव्हते. कित्येक अनुभवी निरीक्षकांना चांगल्या दुर्बिणीतूनही एकसुद्धा सरळ रेघ दिसत नव्हती. त्यांपैकी एक होते एडवर्ड वॉल्टर माँडर. ते लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेत काम करत. त्यांच्या मनात शंका आली, की दोष मंगळात नसून आपल्या डोळ्यांत असेल तर? ही शंका तपासायला त्यांनी दुर्बीण घेतली नाही. ते शाळेत गेले.

१९०३ साली ग्रिनिचच्या एका शाळेत, तिथल्या मुख्याध्यापकांच्या मदतीने, माँडर यांनी सुमारे दोनशे मुलांवर हा प्रयोग केला. मुलांसमोर मंगळाचे एक मोठे चित्र लावले. त्या चित्रात एकही सरळ कालवा नव्हता. होते ते नुसते ठिपके, वाकड्यातिकड्या खुणा आणि कमीजास्त काळसर डाग. काही मुले चित्राजवळ बसली होती, काही मध्ये, काही लांब. कोणालाही मंगळाविषयी काही सांगितले नव्हते. जे दिसते ते जसेच्या तसे काढा, एवढीच सूचना होती.

पुढच्या मुलांनी ठिपके आणि वाकड्या खुणा जशाच्या तशा काढल्या. खूप लांबच्या मुलांना त्या बारीक खुणा दिसल्याच नाहीत. पण मधल्या अंतरावरच्या अनेक मुलांनी सरळ रेघा काढल्या. चित्रात नसलेल्या रेघा! खोटे कोणीच बोलत नव्हते. त्यांना खरोखरच रेघा दिसल्या होत्या.

असे का झाले? डोळ्याला एखादी गोष्ट नीट दिसत नाही, पण अगदीच दिसत नाही असेही नाही, अशा वेळी आपला मेंदू उरलेले काम स्वतःच पुरे करतो. तुटक ठिपके तो जोडून टाकतो आणि त्यांची रेघ बनवतो. तुम्हीही हे वर्गात करून पाहू शकता. एका पांढऱ्या कागदावर थोड्या थोड्या अंतरावर, जरा वेडेवाकडे ठिपके काढा. कागद फळ्यावर लावा आणि मागे मागे जात राहा. एका ठरावीक जागी ठिपके नाहीसे होतील आणि रेघ दिसू लागेल.

या प्रयोगाने वाद मिटला का? नाही. लॉवेल आपल्या मतावरून हलले नाहीत. आणि खरे सांगायचे तर, या प्रयोगाने फक्त एवढेच सिद्ध झाले होते, की नसलेली रेघ दिसू शकते. मंगळावर रेघा नाहीतच, हे त्यावरून सिद्ध होत नव्हते. १९०५ साली लॉवेल यांच्या वेधशाळेत मंगळाची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांत कालवे दिसतात असे लॉवेल म्हणू लागले. पण ती छायाचित्रे वाटाण्याएवढी! पाहणाऱ्याला त्यांत जे हवे ते दिसे.

दोन वर्षांनी एका वेगळ्याच माणसाने या वादात उडी घेतली. त्यांचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. सजीवांची उत्क्रांती कशी होते याचा विचार डार्विन यांच्याप्रमाणेच ज्यांनी स्वतंत्रपणे मांडला होता, ते हेच. १९०७ साली त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. या वयात त्यांनी लॉवेल यांचे पुस्तक बारकाईने वाचले आणि उत्तरादाखल एक छोटे पुस्तकच लिहिले. मंगळ सूर्यापासून दूर आहे आणि त्याची हवा विरळ आहे. तेव्हा तिथे पाणी गोठलेलेच राहणार, असे त्यांनी दाखवले. आणि समजा पाणी वाहिलेच, तर हजारो किलोमीटरांच्या वाळवंटातून उघड्या कालव्याने नेताना ते वाटेतच नाहीसे होईल. जे लोक इतके शहाणे आहेत ते असला वेडेपणा कशाला करतील? वॉलेस यांचा हा टोला जबरदस्त होता. मात्र न्यायाने बोलायचे तर त्यांचेही मन कोरे नव्हते. साऱ्या विश्वात माणसासारखा प्राणी फक्त पृथ्वीवरच आहे, असे मत त्यांनी आधीच एका पुस्तकात मांडले होते. फरक एवढाच, की त्यांचा हिशेब कोणालाही तपासून पाहता येत होता.

१९०९ साली मंगळ पुन्हा खूप जवळ आला. पॅरिसजवळ म्यूदाँ येथे ८३ सेंटिमीटर भिंगाची मोठी दुर्बीण होती. त्या दुर्बिणीवर यूजीन आंतोनियादी बसले. त्यांचा जन्म इस्तंबूलचा, आणि तरुणपणी त्यांनी स्वतः मंगळाच्या चित्रांत कालवे काढले होते. २० सप्टेंबरच्या रात्री हवा विलक्षण स्थिर होती. आंतोनियादी पाहत राहिले. जिथे रेघा असायला हव्या होत्या तिथे त्यांना दिसले असंख्य लहानमोठे, वेडेवाकडे डाग. पट्टीने आखलेले असे काहीच नव्हते. त्यांनी आपले पहिले मत सोडून दिले आणि तसे उघडपणे लिहिले. या साऱ्या गोष्टीत मला सर्वांत आवडतात ते आंतोनियादी.

लॉवेल १९१६ साली वारले. शेवटपर्यंत त्यांचा कालव्यांवरचा विश्वास ढळला नाही. फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेजवळच त्यांची कबर आहे. पुढे १९३० साली याच वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ यांनी प्लूटोचा शोध लावला.

तज्ज्ञांनी कालवे सोडून दिले तरी ते नकाशांतून लगेच गेले नाहीत. १९२४ साली मंगळ जवळ आला, तेव्हा अमेरिकेत लष्कराच्या रेडिओ केंद्रांना मंगळाकडून काही संदेश येतो का, यासाठी कान देऊन ऐकण्याच्या सूचना होत्या. काहीच आले नाही. अगदी १९६२ साली अमेरिकेच्या हवाई दलाने छापलेल्या मंगळाच्या नकाशावरसुद्धा त्या रेघा होत्या!

शेवटचा निकाल दिला तो मरिनर-४ या यानाने. १४ जुलै १९६५ या दिवशी ते मंगळाजवळून गेले आणि जाता जाता त्याने २२ छायाचित्रे घेतली. एकेक छायाचित्र पृथ्वीवर यायला कित्येक तास लागत होते. कालवे नव्हते. शेते नव्हती. चंद्रावर असतात तशी खोल विवरे होती, आणि हवा पृथ्वीवरच्या हवेच्या एक टक्काही दाबाची नव्हती. अशा हवेत पाणी फार वेळ पाणी म्हणून टिकतच नाही.

मग मंगळावर जीव नाहीत, असे ठरले का? गंमत अशी, की सहा वर्षांनी मत पुन्हा थोडे फिरले. १९७१ साली मरिनर-९ मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याला कोरड्या पडलेल्या नद्यांची पात्रे दिसली. खोदलेले कालवे नाहीत, पण पाण्याने स्वतः कोरलेले मार्ग होते. शियापरेल्ली यांच्या ‘कनाली’ शब्दाचा पहिला अर्थ आठवा. त्यांच्या रेघा आणि या नद्या एक नव्हेत. पण कोट्यवधी वर्षांपूर्वी मंगळावर पाणी वाहत होते, हे आता नक्की झाले.

१९७६ साली व्हायकिंग नावाची दोन याने मंगळावर उतरली. त्यांनी तिथली माती घेऊन तिच्यात सूक्ष्म जीव आहेत का, हे तपासले. एका प्रयोगात मातीला पोषक पाणी दिले. मातीतून लगेच वायू निघाला, जणू कोणी ते अन्न खाल्ले! माती खूप तापवून पुन्हा तोच प्रयोग केला, तर वायू निघाला नाही. जीव मेले असते तर असेच झाले असते. पण दुसऱ्या एका यंत्राला त्याच मातीत जीवांचे शरीर बनते तसे कार्बनचे पदार्थ सापडले नाहीत. खाणारा आहे, पण त्याचे शरीरच नाही, हे कसे? बहुतेक शास्त्रज्ञांनी ठरवले, की ही मातीतल्या रसायनांची करामत असावी. हा प्रयोग तयार करणारे गिल्बर्ट लेव्हिन मात्र २०२१ साली मृत्यू येईपर्यंत म्हणत राहिले, की आम्हांला जीव सापडले होते.

त्यानंतरही असेच चालू आहे. १९९६ साली अंटार्क्टिकात सापडलेल्या, मंगळावरून आलेल्या एका दगडात जिवाणूंच्या खुणा असल्याचे जाहीर झाले; आज बहुतेक तज्ज्ञ ते मानत नाहीत. क्युरिऑसिटी ही गाडी मंगळाच्या हवेत अधूनमधून थोडा मिथेन वायू असल्याचे सांगते. पृथ्वीवर हा वायू बराचसा सजीवांपासून येतो. पण मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोपच्या यानाला तो सापडलेला नाही. दोन्ही यंत्रे चांगली आहेत. मग चूक कोणाची? अजून वाद चालू आहे. २०२४ साली पर्सिव्हिअरन्स या गाडीला बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके असलेला एक खडक सापडला. असे ठिपके सूक्ष्म जीवांमुळे पडू शकतात. जीव नसतानाही पडू शकतात. त्याचा तुकडा एका नळीत भरून ठेवलेला आहे.

युरोपच्या त्या यानाबरोबर २०१६ साली एक छोटे यान मंगळावर उतरायला निघाले होते. त्याचे नाव होते शियापरेल्ली. उतरताना त्याचा क्षीण रेडिओ आवाज ऐकण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळ खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बीण होती. तिथे ४५ मीटर रुंदीच्या तीस तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबरच्या त्या रात्री आपल्याकडे आठ वाजून गेले होते. मंगळ सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर दूर होता, तरी खोडदला यानाचा आवाज पोहोचत होता. मग उतरायला थोडाच वेळ उरला असताना तो बंद पडला. चौकशीत कारण कळले. हवाई छत्रीने यान जोरात हेलकावले, त्याच्या एका मोजमापाच्या यंत्राचा गोंधळ उडाला आणि यानाच्या संगणकाला वाटले, की आपण जमिनीवर पोहोचलो. त्याने छत्री सोडून दिली. जमीन तेव्हा साडेतीन किलोमीटरांहून अधिक खाली होती.